रात्रभर घरघरणारा अँटेना : जुन्या गाडीतला पॉवर अँटेना आम्ही घरीच कसा दुरुस्त केला

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोड नाही, करिअर नाही, इंटरव्ह्यू टिप्स तर अजिबात नाहीत. आज एका दांडीची गोष्ट आहे. पाऊण मीटरची, क्रोमची, गाडीचा रेडिओ लावला की आपोआप वर येणारी आणि बंद केला की गुपचूप आत जाणारी दांडी. पॉवर अँटेना. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तो फक्त जुन्या हिंदी सिनेमात पाहिला असेल. माझ्या घरी मात्र तो अजून आहे, आणि मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्यामुळे आमची गाडी भंगारात जायची वेळ आली होती.

गाडी म्हणजे बाबांची १९९७ची एस्टीम. त्या काळात गाडी घेतली की लोक बाजारातून एकेक हौस बसवून घ्यायचे. कोणी मागे स्पीकर बॉक्स, कोणी रिव्हर्सचं संगीत. बाबांनी डाव्या बाजूच्या पुढच्या फेंडरवर पॉवर अँटेना बसवून घेतला. लहानपणी आमच्या वाड्यातली पोरं तो वर-खाली होताना बघायला जमायची आणि मी मालकाच्या थाटात बाजूला उभा असायचो.

आधी काय झालं ते

मंगळवारी सकाळी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. साडेसातला पोहोचायचं. बाबांनी सेल्फ मारला. टक. परत मारला. टक. डॅशबोर्डवरचे दिवेसुद्धा मिणमिणते. कॅब बुक केली, ती रद्द झाली. दुसरी रद्द झाली. शेवटी रिक्षाने पोहोचलो, उशीर झाला, आईचा नंबर सगळ्यात शेवटी गेला आणि ती दुपारपर्यंत उपाशीपोटी बसून राहिली.

संध्याकाळी ताईचा फोन. "बाबा, आता पुरे. विकून टाका ती गाडी." बाबा काही बोलले नाहीत. बाबा गप्प बसले की समजायचं, लागलंय.

मी इंजिनिअर ना! लगेच निदान केलं: बॅटरी गेली. नवीन बॅटरी आणली, बसवली, गाडी चालू. मी कॉलर ताठ करून वर आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. टक.

इथे एक गोष्ट कबूल करतो. त्याआधी आठवडाभर बाबा सांगत होते, "अरे, गाडी बंद केली तरी कुठेतरी घरघरतं." आणि मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणालो होतो, "रेडिएटरचा फॅन असेल बाबा." ऐकलंच नाही मी.

शेवटी आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका म्हणाले, "दादा, तुमच्या गाडीत उंदीर शिरलाय का बघा. रात्रभर आतून घर्रर्र आवाज येतो."

रात्री अकराला खाली गेलो. डाव्या फेंडरला कान लावला. गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात, आणि आत मोटर फिरतेय.

करंट कुठे जातोय, हे मोजायचं कसं

हे कुठल्याही जुन्या गाडीला लागू आहे, म्हणून नीट सांगतो.

गाडी बंद, दारं बंद, सगळे दिवे बंद. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची केबल सोडवायची. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या जागेवर लावायचा. लाल पिन त्यासाठी वेगळ्या भोकात घालावी लागते, ते विसरू नका. मग मीटरची एक पिन सुटलेल्या केबलला आणि दुसरी बॅटरीच्या टर्मिनलला. म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधून जातो. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, दिवे लावायचे नाहीत. मीटरचा फ्यूज उडेल.

गाडी झोपली की साधारण २० ते ५० मिलिअँपिअर दिसायला हवेत. घड्याळ आणि स्टीरिओची मेमरी एवढंच खातात. माझ्या मीटरवर आकडा आला १.४ अँपिअर.

आता शाळेतलं गणित. रात्री दहा ते सकाळी सात म्हणजे नऊ तास. नऊ गुणिले १.४, म्हणजे १२.६ अँपिअर-तास. आमची बॅटरी ३५ची. एक रात्र कशीबशी निघते, दुसऱ्या रात्री पंचवीसच्या वर गेलेले असतात आणि सेल्फला ताकदच उरत नाही. बाबा गाडी जेमतेम चार किलोमीटर चालवतात, तेवढ्यात ती भरूनही येत नाही. म्हणजे जुन्या बॅटरीचा कदाचित काही दोषच नव्हता.

पुढची पायरी: फ्यूज एकेक करून काढायचे आणि मीटरकडे बघायचं. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या लाईनवर. मी फ्यूजबॉक्समधले सगळे काढले. आकडा ढिम्म. का? कारण हा अँटेना कंपनीचा नव्हता, बाजारात बसवलेला होता. त्याची लाल वायर थेट बॅटरीवरून घेतलेली, मध्ये वायरमध्येच लटकणारा छोटा फ्यूज होल्डर, वर पंचवीस वर्षांची धूळ. तो उघडून फ्यूज ओढला आणि त्याच क्षणी आवाज थांबला. मीटरवर २२ मिलिअँपिअर.

रात्री साडेअकराला मी पार्किंगमध्ये एकटाच हसत होतो. वॉचमनकाकांना वाटलं असेल, पोरगं गेलं कामातून.

पण गाडी बंद असताना मोटर फिरतेच कशी?

पॉवर अँटेनाला साधारण तीन वायरी असतात. एक बॅटरीवरून कायम १२ व्होल्ट. एक अर्थिंग. आणि एक सिग्नलची, जी स्टीरिओकडून येते. याशिवाय दांडीने पकडलेल्या रेडिओ लहरी स्टीरिओपर्यंत नेणारी जाड कोअॅक्स केबल वेगळी. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून रंगावर विश्वास ठेवू नका, मीटर लावा.

सिग्नल आला की दांडी वर. सिग्नल गेला की खाली. आता विचार करा, किल्ली काढल्यावरसुद्धा दांडी खाली यायला हवी, म्हणजे मोटरला कायमची वीज द्यावीच लागते. तेव्हा ती वायर म्हणजे चूक नाही. ती तशीच लागते.

मग मोटर थांबते कधी? आमच्या युनिटमध्ये दांडी पूर्ण आत आली की पुढे जायला जागा उरत नाही, मोटरवरचा जोर वाढतो, एक छोटा स्विच दाबला जातो आणि करंट तुटतो. काही अँटेनांमध्ये याऐवजी टायमर असतो. ज्यांना कोडिंग येतं त्यांना एका वाक्यात कळेल: हा व्हाईल लूप आहे, आणि त्याची बाहेर पडायची अट म्हणजे 'दांडी शेवटाला टेकली'. आमच्या अँटेनात दांडी आणि मोटर यांना जोडणारी दोरीच तुटली होती. टेकायला काही उरलंच नाही. लूप रात्रभर चालू.

आतली रचना

दांडी म्हणजे एकात एक बसणाऱ्या नळ्या, दुर्बिणीसारख्या. सगळ्यात आतल्या, सगळ्यात बारीक नळीच्या बुडाला नायलॉनची लांब दोरी जोडलेली. दोरी म्हटलं तरी ती कडक असते आणि तिच्या एका बाजूला दाते असतात. खाली मोटर, मोटरवर गिअर, गिअरचे दाते दोरीच्या दात्यांत. मोटर एका दिशेला फिरली की दोरी वर ढकलली जाते, दांडी उघडते. उलट फिरली की दोरी खाली ओढली जाऊन एका गोल डब्यात गुंडाळली जाते.

सगळ्यात कच्चा भाग ही नायलॉनची दोरी. धातूच्या नळ्यांवर धूळ बसते, पावसात तिचा चिखल होतो, नळ्या जड सरकतात. मोटरला त्याचं काय? ती जोर लावत राहते. आधी दोरीचे दाते झिजतात, 'टक टक टक' असा आवाज येतो. मग एक दिवस दोरी तुटते.

मी बाबांना विचारलं, "दांडी अडकत होती का?" बाबा जरा वेळाने म्हणाले, "वीतभर वर राहायची. मी हाताने दाबून बसवायचो रोज." तर मंडळी, हे कधीही करू नका. वरून दाबलं की आतली दोरी दुमडते.

थोडक्यात निदान असं:
- मोटरचा आवाजच नाही: आधी फ्यूज, मग अर्थिंग, मग सिग्नलच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का ते बघा. मोटर जळाली हा शेवटचा संशय.
- टक टक आवाज, दांडी अर्धवट: दाते झिजलेत किंवा दांडी वाकलीय.
- मोटर फिरतेय, दांडी जागची हलत नाही: दोरी तुटली. आमची केस ही.

"काढून टाका ना, डमी लावतो"

हे गॅरेजवाल्याचं उत्तर. चुकीचं म्हणत नाही मी. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात. मीसुद्धा बाबांना म्हणालो, "आता फोनवर सगळं येतं, रेडिओ कशाला?"

बाबा म्हणाले, "ताम्हिणीत फोन लाव मग."

आमचं गाव माणगावकडे. ताम्हिणी घाटात शिरलं की फोनची रेंज जाते. बाबा तिथे आकाशवाणीचं पुणे केंद्र लावतात, मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झ. पावसाळ्यात त्यांचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं बातम्यांवर असतं. मी कितीतरी वेळा शेजारी बसून कानात हेडफोन घातलेत.

तर दांडी एवढी लांब का असते? रेडिओ लहरीची लांबी काढायची तर ३००ला मेगाहर्ट्झने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. विविध भारती पुण्यात एफएम १०१वर लागते. ३०० भागिले १०१, म्हणजे जवळपास तीन मीटर. अशा अँटेनाला लहरीच्या पावपट लांबी चांगली जमते, म्हणजे पाऊण मीटर. आपली दांडी तेवढीच! हा योगायोग नाही.

मिडियम वेव्हला हेच गणित लावा. ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ०.७९२ मेगाहर्ट्झ. लहर जवळपास ३७९ मीटर, पावपट म्हणजे ९५ मीटर. तीस मजली इमारतीएवढी दांडी गाडीवर लावणार का? नाही. म्हणून मिडियम वेव्हला गाडीची दांडी नेहमीच तोकडी पडते आणि तिचा प्रत्येक सेंटिमीटर कामाचा असतो. दांडी आत अडकली तर जवळचं एफएम स्टेशन कसंबसं लागतं, पण मिडियम वेव्हवर नुसती खरखर. बाबा महिनाभर "रेडिओ बिघडलाय" म्हणत होते, त्याचं कारण हेच.

दुरुस्ती

पहिलं काम, नवी दांडी शोधणं. पूर्ण अँटेना बदलायची गरज नसते, दोरीसकट नुसती दांडी मिळते. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी जुनी दांडी हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "दोरीचा तुकडा आणलाय का?" नव्हता. "आधी तो घेऊन या."

बरोबर होतं त्यांचं. जुळवायच्या चार गोष्टी: दोरीची जाडी, दात्यांमधलं अंतर, दोरीची लांबी आणि दांडीच्या बुडाच्या नळीची जाडी. यातली एक चुकली तरी पैसे पाण्यात.

म्हणजे आधी युनिट बाहेर काढणं आलं. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली. गाडी जॅकवर घेतली, खाली मजबूत स्टँड लावला. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका, प्लीज. पुढचं डावं चाक काढलं, आतलं मडगार्डचं प्लॅस्टिक सोडलं, समोर अँटेनाचं युनिट. वरची नट अर्धगोल खाचांची असते, तिला साधा पाना बसत नाही. मी सर्क्लिपची पक्कड वापरली, रंगाला चरे पडू नयेत म्हणून खाली कापड.

डब्याचं झाकण उघडलं तर आत तुटलेल्या दोरीचं भेंडोळं आणि काळं झालेलं ग्रीस. सगळे तुकडे बाहेर काढून ओळीने जमिनीवर लावले आणि लांबी मोजली. हे महत्त्वाचं: एक बोटभर तुकडा आत राहिला तरी नवी दोरी तिथेच अडकणार. गिअरचे दाते तपासले, ते शाबूत होते. जुनं ग्रीस पुसलं, नवं अगदी थोडं लावलं. युनिटच्या तळाशी पाणी जायला छोटी नळी असते, ती मातीने बुजली होती. तार घालून मोकळी केली. ती बुजली तर पावसाचं पाणी मोटरमध्ये साचतं.

मग तुकडे घेऊन परत नाना पेठ. काकांनी माळ्यावरून एक दांडी काढली, दोरी शेजारी धरून दाते जुळवले, "ही घ्या."

युनिट परत बसवलं, पण वरची नट अजून लावली नाही. बॅटरी जोडली. आता दोन माणसं लागतात. बाबा आत, स्टीरिओच्या बटणावर बोट. मी बाहेर, दांडी हातात.

रेडिओ चालू असताना मोटर 'वर'च्या दिशेने फिरते. ती फिरू द्यायची. दोरीचं टोक नळीतून खाली सोडायचं, दाते गिअरच्या बाजूला ठेवून. मग रेडिओ बंद. मोटर उलट फिरते, दोरी पकडते आणि खाली ओढून घेते. आपण दांडी फक्त सरळ धरायची, ढकलायची नाही.

पहिल्यांदा मी दाते उलट्या बाजूला धरले. नुसती कटकट कटकट. बाबा आतून, "जातंय का?" मी, "नाही!" दोरी अर्धा वळसा फिरवली. "बाबा, परत लावा. आता बंद करा." आणि बोटांना ती पकड जाणवली. मासा गळाला लागतो तशी. दोरी सरसर आत गेली, मागोमाग दांडीच्या नळ्या एकेक करून मिटल्या, बूड जागेवर बसलं आणि मोटर थांबली. स्वतःहून थांबली! मी लगेच नट लावली.

तीन-चार वेळा वर-खाली करून पाहिलं. मग मीटरने तीन गोष्टी तपासल्या. दांडी आणि केबलच्या मधल्या पिनमध्ये जोड हवा. दांडी आणि गाडीची बॉडी यांच्यात जोड अजिबात नको. अँटेनाचं बूड आणि बॉडी यांच्यात मात्र पक्कं अर्थिंग हवं, एक ओहमच्या आत. तिथे मला जास्त रेझिस्टन्स मिळाला, कारण फेंडरच्या आतल्या बाजूला गंज होता. पॉलिश पेपरने तो घासला. गंजलेल्या अर्थिंगमुळे मिडियम वेव्हवर इंजिनची किरकिर ऐकू येते.

शेवटी परत बॅटरीवर मीटर. २२ मिलिअँपिअर. बस.

जाता जाता दोन टिप्स

महिन्यातून एकदा दांडी पूर्ण वर करून ओल्या कापडाने, मग कोरड्याने पुसा. हवं तर कापडावर थोडं सिलिकॉन स्प्रे. घट्ट ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते.

आणि स्टीरिओ नवा असेल तर बघा, बहुतेक नव्या स्टीरिओंना मागे निळी वायर असते अँटेनासाठी आणि निळी-पांढरी असते अॅम्प्लिफायरसाठी. अँटेना निळ्या-पांढऱ्यावर जोडला असेल तर ब्लूटूथवर गाणी ऐकतानाही दांडी उगाच वर येत राहते आणि झिजते. आमची तशीच जोडलेली होती. बदलली.

त्या रविवारी बाबा आणि आई गावाला निघाले. आईचा डोळा आता छान आहे, काळा चष्मा लावून पुढे बसली होती. मी पार्किंगमध्ये उभा. बाबांनी सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात सुरू. रेडिओ लावला, दांडी वर आली. वॉचमनकाका म्हणाले, "गेला का उंदीर?"

ताईला मी व्हिडिओ पाठवला. तिने एवढंच लिहिलं, "बाबांना सांग, हळू चालवा." गाडी विकायचा विषय सध्या बंद आहे.

तर मंडळी, तुमच्या घरच्या जुन्या वस्तूबद्दल कोणी म्हणत असेल की कुठेतरी घरघरतं, तर एकदा जाऊन कान लावा. निदान नवीन बॅटरी घ्यायच्या आधी तरी लावा. मी उलट क्रमाने गेलो आणि त्याची पावती अजून माझ्या पाकिटात आहे.

तुमच्याकडे अशी एखादी जुनी गाडी, जुना रेडिओ, जुना पंखा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आवाजासकट पाठवलीत तर अजून उत्तम. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!